डेनेरिसच्या सत्तेची किंमत कोणी मोजली?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०१९ मध्ये संपली, तरी पडद्यावरच्या समर्थ स्त्रियांचा विषय निघाला की डेनेरिस टार्गेरियनचे नाव हमखास पुढे येते. भावाने सैन्याच्या बदल्यात डोथराकी टोळीच्या प्रमुखाला, खाल ड्रोगोला, दिलेली मुलगी, लग्नाच्या पहिल्याच रात्री बलात्कार सोसलेली, पुढे ड्रॅगनची आई होते, गुलामांच्या बेड्या तोडते आणि नगरांवर राज्य करते. अमेरिकेत अनेक आईबापांनी मुलींचे नाव तिच्या पदवीवरून ‘खलीसी’ ठेवले. हे कौतुक मी समजू शकते. पण ही कहाणी स्त्रीमुक्तीची म्हणून मिरवली जाते, तेव्हा माझा विरोध आहे. या मुक्तीची किंमत मालिकेतल्या पूर्वेकडच्या माणसांनी, त्यातही बायकांनी मोजली आहे.

तिसऱ्या पर्वाचा शेवट आठवा. युंकाईचे मुक्त झालेले गुलाम नगराबाहेर येतात, डेनेरिसला आई म्हणून हाका मारतात, तिला हातांवर उचलून घेतात. कॅमेरा वर वर जातो आणि सावळ्या, मळकट माणसांच्या समुद्रात मधोमध एकच गोरी, रुपेरी केसांची स्त्री उरते. त्या गर्दीतल्या कोणी बंड केले, कोणी सूड मागितला, कोणी तिच्यावर संशय घेतला, यातले काहीही त्या चौकटीत मावत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे कल्पित जग आहे, त्याला खऱ्या पूर्वेचे माप लावू नये. पण एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये दाखवले ते हेच, की पश्चिमेने रंगवलेली पूर्व मुळात कल्पनेतच घडली होती. शिवाय मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांनीच सांगितले आहे की डोथराकी मंगोल, हूण आणि अमेरिकेतल्या मैदानी जमातींवरून घडवले, वर थोडी कल्पना घातली. मग मंगोलांकडेच पाहू. ओगेदेई खानाच्या मृत्यूनंतर १२४६ पर्यंत जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा कारभार त्याच्या विधवेने, तोरेगेनेने, पाहिला. मालिकेतल्या डोथराकी खालांच्या विधवांना मात्र वेस डोथराकमध्ये उरलेले आयुष्य काढायचे असते. त्यांना मान आहे, पण बाहेर पडायची मुभा नाही, आणि त्यांच्या सुटकेसाठी बाहेरची राणी येऊन सगळ्या खालांना जाळते. इतिहासातली सत्ताधारी स्त्री वगळायची आणि तिच्या जागी सुटकेची वाट पाहणारी विधवा ठेवायची, ही निवड लेखकांनी केली आहे.

दुसरा आक्षेप: ती दृश्ये मोरोक्कोत चित्रित झाली, म्हणून गर्दीत तिथली माणसे दिसतात. असेल. पण गर्दीत चेहरे किती दाखवायचे आणि कॅमेरा किती उंच न्यायचा, हे मोरोक्कोच्या माणसांनी ठरवले नव्हते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती पहिल्या पर्वातली मिरी माझ दूर. ड्रोगोचे स्वार तिचे गाव लुटतात, तेही डेनेरिसला तिच्या सिंहासनाकडे नेणाऱ्या जहाजांचा पैसा उभा करण्यासाठी. डेनेरिस मिरीवरचा अत्याचार थांबवते, तिला आपल्या आश्रयाला घेते आणि कृतज्ञतेची अपेक्षा धरते. मिरी तिला ऐकवते: तू मध्ये पडलीस त्याआधीच तिघांनी माझ्यावर बलात्कार केला होता, माझे देऊळ जळले होते, माझी माणसे मेली होती, तू वाचवलेस म्हणतेस ते नेमके काय? संपूर्ण मालिकेत डेनेरिसला विचारलेला हा सर्वांत खडा प्रश्न आहे आणि तो विचारणारी पूर्वेकडची एक बाई आहे. पुढे तिला चितेला बांधून जाळले जाते. त्याच आगीतून ड्रॅगन जन्मतात. पुढची सात पर्वे ज्या सामर्थ्याचे गोडवे गातात, ते प्रश्न विचारणाऱ्या बाईला जाळून मिळालेले आहे.

इंग्रजी अमलातल्या सतीबंदीच्या वादाबद्दल गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये हेच दाखवले: वाचवणारा गोरा बोलतो, परंपरेचा राखणदार बोलतो, बाईचा आवाज मात्र कुठेच ऐकू येत नाही. आपल्याकडे बालपणीच लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी १८८५ मध्ये वर्तमानपत्रात पत्रे लिहून बालविवाहाविरुद्ध स्वतः तोंड उघडले, तेव्हा इंग्रजी न्यायालयाने १८८७ मध्ये त्यांना सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. बाईला बोलता येत नव्हते, हे खोटे आहे. तिचे बोलणे वाचवणाऱ्यांनाही सोयीचे नव्हते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेवटच्या पर्वात डेनेरिस राजधानी किंग्ज लँडिंग जाळते, म्हणजे मालिकेनेच तिच्यावर टीका केली, असे म्हणतात. पूर्वेकडच्या मिरीन नगरात तिने गुलामांच्या १६३ मालकांना खांबांवर ठोकले आणि त्यांतल्या एकाच्या मुलाने, हिझदारने, तिला जाब विचारला, हे मी विसरलेले नाही. पण तिथे ती फार तर कठोर राणी ठरते. तिच्यावर शेवटचा निकाल लागतो तो आग पश्चिमेकडच्या वेस्टेरॉसच्या माणसांवर पडल्यानंतर. तो निकालही तिचा वेस्टेरॉसचा सल्लागार टिरियन देतो. अस्तापोर आणि मिरीनचे दाखले तो भराभर मोजतो. तिथल्या कोणाची साक्ष मात्र निघत नाही. अस्तापोरच्या गुलामगिरीतून आलेली मिसांडे, मालिकेतली सर्वांत बुद्धिमान दुभाषी, त्याआधीच साखळदंडात मारली गेलेली असते आणि तिचा मृत्यू डेनेरिसच्या क्रोधाचे कारण म्हणून वापरून होतो. अनेक डोथराकी स्वार त्याआधीच विंटरफेलच्या अंधारात मरतात. आपण किल्ल्याच्या बाजूने, दुरून, त्यांच्या पेटत्या तलवारी विझताना पाहतो.

समर्थ स्त्रीचे माझे माप वेगळे आहे. ती किती माणसांना गुडघ्यावर आणते याला मी महत्त्व देत नाही. तिच्या आसपासच्या बायकांना तिला नाही म्हणता येते का आणि तसे म्हणून त्या जिवंत राहतात का, हे मी पाहते. उत्तरेच्या सान्साकडे पाहा. तिची सत्ता तिच्याच भूमीत, तिच्याच माणसांत उगवते आणि आर्या तिच्याशी कडाडून भांडूनही बहीणच राहते. म्हणजे हे लिहिणे मालिकेच्या लेखकांना जमत होते. अरुंद समुद्राच्या पलीकडे, पूर्वेत, त्यांनी ते केले नाही. पश्चिमेकडे निघताना डेनेरिस मिरीनलगतच्या आखाताला आपल्या ड्रॅगनांचे नाव देते आणि ते नगर आपला प्रियकर डारियो याच्या हाती सोपवते. पुढच्या दोन पर्वांत मालिका त्या नगराकडे परत वळत नाही, आणि तिथल्या मुक्त माणसांचे काय झाले, हे शेवटपर्यंत कळत नाही.