हायड्रोजनसाठी गाडी वळते तेव्हा

सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्याला रेल्वेची किंमत वेगळी सांगायला नको. त्यामुळे पुणे-नाशिक रेल्वेची बातमी वाचून तुमच्यापैकी अनेकांनी डोक्याला हात लावला असेल. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी सरळ जाणारी सुमारे 235 किलोमीटरची प्रस्तावित लाइन एका दुर्बिणीपाशी येऊन अडली. मार्ग बदलावा लागेल अशी भूमिका रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी घेतली, शिर्डीकडून जाण्याचा पर्याय पुढे आला आणि जुन्नर-संगमनेरची माणसं चिडली. तारे बघण्यासाठी आमची गाडी का घालवता, असं त्यांना वाटणं साहजिकच आहे.

ही दुर्बीण म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 1990च्या दशकात उभी राहिलेली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. ती बघत नाही, ऐकते. त्यातही खास करून हायड्रोजनला.

आता हायड्रोजनच का? दोन ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथे विरळ वायू आणि धूळ असते. इतका विरळ की सरासरी एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम एखादा अणू. पण काही ठिकाणी हा वायू गोळा होतो, थंड होत उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि त्याचे काळे ढग बनतात. वायू गरम असला की त्याचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. गार पडला की दाब हरतो, ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो, गाभा तापत तापत कोटभर अंशांपर्यंत जातो आणि तारा पेटतो. म्हणजे ताऱ्याचा जन्म थंडीत होतो. मस्त उलटी गंमत आहे ही.

असा एक कारखाना तुम्हाला स्वतःला बघता येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका असतो, सुमारे 1,300 प्रकाशवर्षं लांब. कल्याण-डोंबिवलीच्या गच्चीवरून तो मुश्किलीने सापडतो. वांगणीला, जिथे मुंबई-ठाण्याचे आकाशवेडे वर्षानुवर्षं रात्री जागवायला जातात, तिथे तो बराच बरा दिसतो.

खोडदचं काम याच्या पुढचं. विश्वात ताऱ्यांच्या जन्माचा वेग 8 ते 10 अब्ज वर्षांपूर्वी सर्वाधिक होता. नंतर तो घसरत साधारण दहाव्या हिश्शावर आला. का? उत्तरासाठी तेव्हाच्या दीर्घिकांमध्ये कच्चा माल किती होता ते कळायला हवं. 2020 मध्ये आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांच्या गटाने जीएमआरटी वापरून 7,653 दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत एकत्र केले आणि 8 अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. निष्कर्ष असा, की त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे बनवत होत्या, त्या वेगाने त्यांचा अणुरूप हायड्रोजन 1 ते 2 अब्ज वर्षांत संपणार होता. बाहेरून पुरेसा नवा माल आला नाही आणि कारखाने मंदावले. हे शोधणारी दुर्बीण आपल्या घाटापलीकडे आहे, बॉस.

घोळ इथेच आहे. हायड्रोजनचा मूळ संकेत 1,420 मेगाहर्ट्झचा. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे 8 अब्ज वर्षांच्या प्रवासात तो ताणला जाऊन 700 मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. आणि 700 मेगाहर्ट्झ हा आपल्याकडच्या 5जीचाही एक पट्टा! चंद्रावर चालू मोबाइल ठेवला, तरी रेडिओ आकाशातल्या बहुतेक स्रोतांपेक्षा तो ठळक ठरेल. मग शेजारून हजारभर मोबाइल घेऊन जाणाऱ्या विजेच्या गाडीचं काय? पावसात लोकलच्या पेंटोग्राफवर निळी ठिणगी उडते ना, ती रेडिओ लहरींचाही फवारा मारते. खोडदची जागा निवडताना भोवतालचे डोंगर शहरी गोंगाट अडवतात हे पाहिलं होतं. गाडी डोंगरांच्या आतच आली तर ते काय अडवणार?

माझ्या मते मार्ग बदलणं बरोबरच आहे. रूळ दुसरीकडे टाकता येतात. 30 डिश उचलून नेता येत नाहीत आणि अशी शांत जागा पुन्हा मिळणं कठीण. पण राग यावा अशी गोष्ट वेगळी आहे. दुर्बीण काल उगवलेली नाही. पहिली रेघ नकाशावर ओढतानाच हे विचारात घ्यायला हवं होतं. त्याऐवजी तालुक्यांना वर्षानुवर्षं गाडीची आशा दाखवली आणि मग दुर्बिणीला खलनायक केलं. शांततेची किंमत जुन्नर-संगमनेर मोजणार असतील, तर त्यांना चांगले रस्ते आणि जास्त एसटी गाड्या हक्काने मिळाल्या पाहिजेत. मुरबाडपर्यंतच्या रेल्वेची वाट बघणाऱ्या कल्याणकरांना हे दुखणं लगेच कळेल.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला, जीएमआरटी लोकांसाठी खुली होते. विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजची मुलं येतात. कल्याणहून मुरबाड, माळशेज, ओतूर करत नारायणगाव गाठायचं, तिथून खोडद जवळच. ग्रुपने जा. आत मोबाइल मात्र बंद ठेवावा लागेल.