'प'वरून पदार्थ सांगा!



सध्या एका खेळाचे भारी पेव फुटले आहे. एक अक्षर घ्यायचे आणि त्या अक्षराने सुरू होणारे जगभरातले पदार्थ सांगत सुटायचे. शाळेच्या प्रकल्पात हेच, सोसायटीच्या गणपतीतल्या स्पर्धेत हेच, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर रोज सकाळी हेच. "'पी'वरून सांगा बरं!" असे कोणी म्हटले की लगेच पिझ्झा, पास्ता, पाएया, पिएरोगी, पेलमेनी, पोलेंटा, पाव्हलोवा... ज्याची यादी लांब त्याला टाळ्या.

खेळ म्हणून माझी काही हरकत नाही. गाण्यांच्या भेंड्या आम्हीही खेळलो, गावांच्याही खेळलो. पण गाण्यांच्या भेंड्या खेळून कोणी गवई झाले नाही आणि गावांची नावे घोकून कोणाला भूगोल आला नाही. माझा राग आहे तो या यादीला 'जागतिक खाद्यसंस्कृतीची ओळख' असे भारदस्त नाव देऊन तिच्यावर मुलांना गुण देण्यावर. बत्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. नाव माहीत असणे आणि गोष्ट माहीत असणे यांत किती अंतर असते ते रोज वर्गात पाहिले. ते अंतर झाकून टाकणाऱ्या कशालाही शिक्षण म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. आता कारणे सांगते. पटली नाहीत तर भांडायला मोकळीक आहेच!

पहिला मुद्दा अक्षराचाच. हे अक्षर असते इंग्रजीचे. व्हिएतनाममध्ये तांदळाच्या शेवयांचे फो नावाचे सूप करतात. ते 'पी'च्या यादीत बसते, कारण रोमन लिपीत त्याचे स्पेलिंग पी आणि एचने सुरू होते. त्या न्यायाने आपला फणसही 'पी'चा आणि फोडणीही 'पी'चीच! 'सी'ची तर याहून गंमत. उत्तर आफ्रिकेतला कुसकुस, इटलीतला चाबाटा पाव, पेरू देशातले माशांचे सेविचे आणि आपली चपाती हे चौघे एका रांगेत उभे. एकाचा उच्चार 'क', दोघांचा 'च', एकाचा 'स'. कानाला जे सारखे नाही ते केवळ डोळ्यांना सारखे दिसते म्हणून एकत्र बसवलेले. आपली वर्णमाला कशी आहे पाहा. कंठापासून निघायचे आणि ओठांपर्यंत यायचे : क, च, ट, त, प. पहिलीतल्या मुलालाही ओठ मिटून 'प' म्हणता येतो आणि तो कुठून निघतो ते कळते. इतकी शास्त्रशुद्ध मांडणी घरात असताना मराठी मुलांनी पोहे आणि फणस एकाच खणात ठेवायचे, हे मला तरी पाहवत नाही.

आमची नात चौथीत असताना तिला असाच एक प्रकल्प मिळाला होता. 'पी'वरून जगातले दहा पदार्थ, चित्रांसह. सात परदेशी लिहून झाले. पुढचे तीन तिने आपल्या मनाने लिहिले : पानगी, पातोळ्या आणि पिठले. वही परत आली तेव्हा या तिघांवर लाल रेघ आणि शेजारी शेरा, 'जगातले पदार्थ हवेत.' शाळेचे नाव घेत नाही, बाईंचेही नाही. पन्नास-साठ वह्या तपासणाऱ्या बाईंची परिस्थिती मला चांगली ठाऊक आहे. पण नातीने विचारले, "आजी, आपण जगात येत नाही का?" याचे उत्तर मी काय देणार होते? यादीच्या हिशेबात आपण खरेच येत नाही. जग म्हणजे विमानाने जावे लागते ते.

दुसरा मुद्दा. पहिले अक्षर ही पदार्थाची जात नव्हे आणि गोत्रही नव्हे. पदार्थ प्रवासाला निघाला की त्याचे पहिले अक्षर वाटेत बदलते. बटाट्याचेच घ्या. 'बटाटा' हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि तो होता रताळ्यासाठी. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात केचुआ भाषेत 'पापा' म्हणत. स्पेनच्या लोकांनी दोन्हींची सरमिसळ करून 'पटाटा' केला, इंग्रजांनी 'पोटॅटो'. पोर्तुगीजांनी 'बटाटा' ठेवला आणि त्यांच्याकडून तो तसाच आपल्याकडे आला. जर्मन लोक त्याला 'कार्टोफेल' म्हणतात, उत्तर हिंदुस्थानात तो 'आलू'. आता सांगा, बटाटा कोणत्या अक्षराचा? प, ब, क की आ?

टर्की पक्ष्याची कथा तर एखाद्या प्रहसनात शोभावी अशी आहे. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. तुर्कांनी ती जबाबदारी आपल्यावर ढकलली, ते त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांच्या नावाचा अर्थही 'हिंदुस्थानातला' असाच. आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात! पक्षी एक, चार भाषांत चार नावे, आणि चारही ठिकाणी गाव चुकलेले. अक्षरांच्या यादीत ही मौज कुठेच दिसत नाही, कारण यादीत प्रश्न विचारायला जागाच नसते.

पण हे सगळे मौजेचे झाले. तिसरा मुद्दा गंभीर आहे आणि माझ्या रागाचे खरे कारण तोच आहे.

वरच्या यादीत पोलेंटा हे नाव आले आहे. इटलीच्या उत्तर भागातला हा गरिबांचा पदार्थ. मक्याचे भरड पीठ पाण्यात मीठ घालून घोटत घोटत शिजवायचे, साधारण आपल्या ज्वारीच्या कण्यांसारखे. मका मूळचा मेक्सिकोकडचा. तिथले लोक हजारो वर्षे मका खात आले आणि त्यावर धडधाकट राहिले. ते मका नुसता दळत नसत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवत, रात्रभर तसाच भिजत ठेवत, मग धुऊन, वाटून त्याच्या टॉर्टिया करत, म्हणजे आपल्या भाकरीसारख्याच. कोलंबस १४९२मध्ये अमेरिकेला पोचला, त्यानंतर मका युरोपात गेला. दाणे गेले, नाव गेले, लागवड गेली. चुना मात्र मागेच राहिला. कारण चुना का घालायचा हे तिथल्या बायकांना कोणी विचारलेच नाही!

परिणाम काय झाला? अठराव्या शतकापासून उत्तर इटलीतल्या खेड्यांत एक भयंकर रोग पसरला. कातडी खरखरीत होऊन सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा आणि माणूस दगावायचा. दिवसातून तिन्ही वेळा पोलेंटाच खाणारी गरीब माणसे याला हजारोंनी बळी पडली. रोगाचे नाव पेलाग्रा. (पाहा, हाही 'प'चाच!) पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांतही तो पसरला. तेव्हा १९१४पासून जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने दाखवून दिले की हा जंतूंचा रोग नाही, अपुऱ्या आहाराचा आहे. १९३७मध्ये नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचे कोडे सुटले. मक्यात नायसिन असते, पण ते अशा स्वरूपात असते की शरीराला घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवले की ते मोकळे होते. मेक्सिकोतल्या निरक्षर बायका जे हातांनी करत होत्या, ते समजायला शिकलेल्या जगाला चारशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्यालाही हे परके नाही. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्यावर मोलाचे संशोधन केले.

म्हणून म्हणते, नाव उचलले आणि कृती सोडली तर काय होते, याचा धडा इतिहासाने एकदा दिलेला आहे. आणि आपण मुलांना नेमके तेच शिकवतो आहोत. पोलेंटा हे नाव पाठ, पेलाग्राचा पत्ता नाही. नुसत्या नावांची यादी म्हणजे चुन्याशिवायचा मका. पोट भरल्यासारखे वाटते, अंगी काही लागत नाही. (चुना लागतो तो शिक्षणाला!)

आता यावर आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, निदान नावे तरी कळतात ना! सुरुवात कुठून तरी व्हायलाच हवी." बोलणे अगदीच चुकीचे नाही. यादीतून सुरुवात होऊ शकते, पण एका अटीवर. प्रत्येक नावापुढे एक तरी प्रश्न हवा. पाव कुठून आला? पायाने तुडवून मळतात म्हणून पाव, असली भाकडकथा आमच्या लहानपणी सर्रास सांगत. पाव हा पोर्तुगीज शब्द, त्यांच्या भाषेत पावाला तसेच म्हणतात. गोव्यात यीस्ट मिळत नसे तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवले, आणि तिथला पाववाला आजही पोदेर म्हणवतो. पाएया म्हणजे काय? स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'कढई'. भांड्याचे नाव भाताला मिळाले. (आपल्या पातेल्याशी नाते जोडायचा मोह होईल, पण नुसत्या ऐकू येणाऱ्या साम्यावर सोयरीक करू नये.) पाव्हलोवा कोण? ॲना पाव्हलोवा ही रशियन नर्तकी. ती १९२६मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली. तिच्या नावाचा, अंड्याचा पांढरा भाग फेटून केलेला हा गोड पदार्थ आधी कोणी केला यावरून ते दोन देश अजून भांडतात. एका नावाला एक प्रश्न विचारला तर इतके हाती लागते. दहा नावांऐवजी तीनच घ्या, पण विचारा.

आणि गट पाडायचेच असतील तर अक्षरावरून कशाला? हाताच्या कामावरून पाडा. पिठाच्या पारीत सारण भरणे हे एक काम. त्यात पोलंडची पिएरोगी येते, रशियाची पेलमेनी येते, आपली करंजी येते आणि मोदकही येतो. पीठ आंबवून तव्यावर घालणे हे दुसरे. त्यात इथिओपियाची इंजेरा आणि कोकणातली आंबोळी शेजारी शेजारी बसतात. अक्षरे वेगळी, पण एकीला दुसरीच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडले तर पंधरा मिनिटांत कामाला लागेल. असा गट पाडला की पानगीवर लाल रेघ मारण्याचा प्रश्नच येत नाही. ती आपसूक जगात जाऊन बसते.

यात माझा वैयक्तिक स्वार्थही आहे, तो लपवत नाही. पापड हाही 'प'चाच. आमच्या सासूबाई उडदाच्या पिठात पापडखार किती घालायचा ते पिठाची चव घेऊन ठरवत. कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर तळताना लाल पडतो. (पापडखार हाही चुन्यासारखाच आम्लारीधर्मी, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.) हा अंदाज त्यांनी कोठे लिहून ठेवला नाही. तो त्यांच्याकडून जाऊबाईंना आणि मला आला. जाऊबाई २०१९मध्ये गेल्या. मी आता ७६ वर्षांची आहे. आमच्या घरात पापडाचे नाव माहीत नाही असे कोणी नाही, पण लाट्या करून पापड लाटू शकेल असे माझ्यानंतर कोणी नाही. नाव राहील, चुना मागे राहील. तेच पुन्हा.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात नातीला शेजारी बसवले आणि एक किलो उडदाचे पापड केले. पीठ कुटताना ती दहा मिनिटांत दमली, लाट्या वेड्यावाकड्या झाल्या, चार-पाच पापड आफ्रिकेच्या नकाशासारखे झाले. पण पापडखाराची चव तिच्या जिभेवर बसली. ती कोणत्याही प्रकल्पाच्या वहीत लिहिता येणार नाही आणि तिला गुणही मिळणार नाहीत.

असो. लांबण लागली. आता विनंती. ब्लॉगवाल्या मंडळींनी आणि आमच्या गोतावळ्याने प्रतिक्रियांत 'आमच्याकडचे पी' म्हणून याद्या पाठवू नयेत. एकच पदार्थ पाठवा, कोणत्याही अक्षराचा. पण त्यातली एखादी गोष्ट का करतात, ती न केल्यास काय बिघडते, आणि हे तुम्हाला कोणी शिकवले, एवढे तीनच प्रश्न सोडवून पाठवा. माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. उद्यावर टाकू नका.