दार अडलंय, कपाट रिकामं झालेलं नाही!

मैत्रिणींनो, संगणकावरची पत्रं बघायला बसावं, आउटलुकच्या चिन्हावर दोनदा क्लिक करावं आणि काही म्हणजे काही उघडू नये, असं पुष्कळ जणींच्या वाट्याला येतं. सोसायटीचा पत्रव्यवहार सांभाळणारी असो, शिकवण्या घेणारी असो, की यजमानांच्या दुकानाची बिलं पाठवणारी असो. मनात पहिला विचार येतो तो हाच, की गेली माझी सगळी पत्रं!

तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आउटलुक हे नुसतं दार आहे. पत्रं असतात आत, वेगळ्या फाइलमध्ये. पावसाळ्यात लाकडी कपाटाचं दार फुगून अडलं, म्हणून आतल्या साड्या नाहीशा होत नाहीत. इथेही तसंच. म्हणून घाबरून काही पुसू नका, काढून टाकू नका. सोप्या उपायापासून सुरुवात करा आणि एकेक पायरी चढत जा.

पहिली पायरी. कित्येकदा आउटलुक आधीच उघडलेलं असतं, पण पडद्यामागे अडकून बसलेलं असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या यादीत आउटलुकचं नाव दिसलं तर त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' करा आणि मग पुन्हा उघडून बघा. नाहीच जमलं तर संगणक एकदा रीस्टार्ट करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात म्हणाना!

दुसरी पायरी. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि ती न सोडता आउटलुकच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा. 'सेफ मोडमध्ये उघडू का?' असं तो विचारील. हो म्हणा. सेफ मोड म्हणजे पाहुण्यांना बाजूला ठेवून फक्त घरच्या माणसांनी बसणं. हे पाहुणे म्हणजे अ‍ॅड-इन, दुसऱ्या प्रोग्रामांनी आउटलुकला जोडून दिलेली शेपटं. आउटलुक असं उघडलं, तर दोष बहुधा त्यांच्यातल्याच कुणाचा तरी. 'फाइल'मध्ये जा, 'ऑप्शन्स' उघडा, तिथे 'अ‍ॅड-इन्स' दिसेल. खाली 'कॉम अ‍ॅड-इन्स'समोर 'गो'वर क्लिक करून सगळ्या खुणा काढा. मग नेहमीसारखं उघडा आणि एकेक खूण परत लावत जा. ज्याच्या पायी पुन्हा अडेल, तो आपला चोर.

तिसरी पायरी. 'लोडिंग प्रोफाइल' एवढंच दाखवून गाडी थांबत असेल, तर इंटरनेट तात्पुरतं बंद करून बघा. तरीही हलेना, तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'मध्ये नवं प्रोफाइल तयार करता येतं. जुनं मात्र इतक्यात काढू नका हं, ते राहू दे बाजूला.

चौथी पायरी दुरुस्तीची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत ऑफिस शोधा आणि 'मॉडिफाय' निवडा. तिथे 'क्विक रिपेअर' आणि 'ऑनलाइन रिपेअर' असे दोन उपाय दिसतील. आधी क्विक, त्याने भागलं नाही तरच ऑनलाइन. त्याला वेळ लागतो आणि इंटरनेट चालू असावं लागतं.

हे सगळं जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकसाठी आहे, बरं का. आणि विंडोज १० बरोबर आलेलं साधं 'मेल' अ‍ॅप वापरत असाल, तर त्याच्यामागे शीण करू नका. ३१ डिसेंबर २०२४ पासून त्याचा आधार कंपनीनेच काढून घेतला आहे. त्यातून आता पत्रं येतही नाहीत, जातही नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंचं आउटलुक असंच अडलं. दुरुस्तीवाल्याने पाहिलं न पाहिलं आणि तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." बाई बिचाऱ्या 'बरं' म्हणाल्या. संगणक अगदी नव्यासारखा झाला, पण नऊ वर्षांची पत्रं गेली. प्रॉव्हिडंट फंडाचा पत्रव्यवहार त्यात, परदेशातल्या मुलीची पत्रंही त्यातच. दार अडलं म्हणून कपाटच जाळून टाकण्यातला हा प्रकार!

म्हणून कुणालाही संगणकाला हात लावू देण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला, माझी पत्रं ब्राउझरमधून उघडतात का? मोबाइलवर किंवा शेजारच्या संगणकावर खातं उघडून बघा. सगळी जुनी पत्रं तिथे दिसली, तर ती कंपनीच्या सर्व्हरवर सुखरूप आहेत. तुमच्याकडच्या ओएसटी फाइलमध्ये त्यांची नुसती नक्कल असते. पण तुमचं खातं पॉप पद्धतीचं असेल, तर पत्रं पोस्टातून घरी आणावीत तशी आणून ठेवलेली असतात, आणि तिकडची प्रत बहुधा काही दिवसांनी पुसली जाते. मग अस्सल प्रत एकच, तुमच्या संगणकावरची पीएसटी फाइल.

दुसरा प्रश्न, त्या फाइलची नक्कल घेतली का? ती बहुतेक 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये असते. आउटलुक पूर्ण बंद करून ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फाइलच बिघडली असली, तरी ऑफिसबरोबरच आलेलं 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन आहे. ते चालवताना 'आधी नक्कल ठेवा' या अर्थाची खूण काढू नका. आणि फाइल फार फुगू देऊ नका. २०१० नंतरच्या आउटलुकमध्ये तिची मर्यादा मुळात ५० जीबी ठेवलेली असते, २००३ आणि २००७ च्या आउटलुकमध्ये ती २० जीबी होती. डबा गच्च भरला की झाकण लागायचं नाहीच.

आपण लोणच्याची बरणी वर्षातून दोनदा तरी उघडून बघतो. तशी या फाइलची नक्कल दर महिन्याला, वाणसामानाची यादी करतो त्याच दिवशी, घेत चला. पेनड्राइव्हवर तारीख लिहा आणि घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. मग दार अडलं तरी छातीत धस्स होणार नाही आणि 'फॉरमॅट मारू का?' असं कुणी विचारलं, तर "थांबा, आधी माझी नक्कल होऊ दे," असं ठणकावून सांगता येईल.