पेशीत चमकणारे धातू : बातमी वाचा, पण बायोप्सी टाळू नका

"चमकणाऱ्या धातूमुळे पेशीच्या आतलं दिसणार" अशी बातमी आली, की बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, मग आता बायोप्सीची गरज आहे का?" माझं स्पष्ट मत : आहे.

आधी हे प्रकरण समजून घेऊ. इरिडियम, रुथेनियम, युरोपियम अशा धातूचा अणू मध्यभागी आणि त्याला जोडलेले सेंद्रिय रेणू, असं हे संयुग असतं. त्यावर प्रकाश टाकला की ते स्वतः चमकतं. पेशीतले काही नैसर्गिक पदार्थही चमकतात, पण ते काही नॅनोसेकंदांत विझतात. युरोपियमची चमक मात्र मिलिसेकंदाच्या आसपास टिकते. फटाक्याचा लखलखाट संपला, की शेजारची पणती नीट दिसते ना? तसंच. कॅमेरा किंचित उशिरा उघडायचा, म्हणजे फक्त संयुगाचाच प्रकाश टिपला जातो. शिवाय इरिडियम आणि रुथेनियमच्या अनेक संयुगांची चमक ऑक्सिजनमुळे मंदावते. त्यामुळे पेशीत ऑक्सिजन कुठे कमी आहे, हे कळू शकतं. कॅन्सरच्या गाठीत असे भाग बऱ्याचदा असतात, म्हणून संशोधकांना यात रस आहे.

तुमच्या थायरॉइडच्या रिपोर्टवर 'ईसीएलआयए' ही पद्धत लिहिलेली असेल, तर तुमचं टीएसएच रुथेनियमच्याच प्रकाशाने मोजलं गेलं आहे. पण ते तुमच्या शरीराबाहेर, यंत्रात!

शरीरात सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. धातूचं संयुग पेशीला विषारी ठरू शकतं. प्रकाश पडल्यावर काही संयुगं ऑक्सिजनचं असं रूप तयार करतात, की पेशीच मरते. आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश आपल्या ऊतींत जेमतेम काही मिलिमीटरच शिरतो. यकृतातल्या गाठीपर्यंत तो बाहेरून पोहोचत नाही. म्हणून यातलं बहुतेक काम अजून काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर चालतं.

म्हणून अशी बातमी वाचताना एकच प्रश्न विचारा : हे बशीत झालं, उंदरात झालं की माणसात? बशीतलं यश खोटं नसतं. औषध पेशीत नेमकं कुठे जातं, हे त्यातूनच कळतं आणि त्याचा फायदा उद्याच्या रुग्णाला होईल. पण तुमची गाठ आजची आहे. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल, तर ती याच आठवड्यात करून घ्या. नव्या तंत्राची वाट गाठ पाहत नाही.