डॉक्टरांपुढे ‘होते जी’ म्हणू नका!

मैत्रिणींनो, आमच्या प्रतापगडच्या बाजूला धान काढणारी बाई मळणीयंत्रात हात गमावून बसली, तर आधी दवाखाना आणि मग कागद! गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2023 पासून विमा कंपनी गेली, सरकारच थेट अनुदान देतं. बरंच झालं म्हणायचं. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी खातेदाराच्या बायकोला लाभ मिळू शकतो, हे कितीजणींना ठाऊक आहे? एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख, दोन गेले तर 2 लाख. अर्ज अर्जुनी मोरगावला, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, 30 दिवसांत. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापणारी सुरक्षा विमा योजना वेगळी, तिथे कंपनी आहेच.

पण खरी गोम तपासणीत. डॉक्टरांनी ‘काम होतं का?’ विचारलं की आपण सवयीनं म्हणतो, ‘होते जी.’ झालं, तेच लिहिलं जातं! रोवणी, पाणी भरणं, वेणी घालणं, काय जमत नाही ते घरीच लिहून काढा. वाढवून नको, लपवूनही नको. पहिल्या दिवसाची चिठ्ठी, एक्स-रे सोबत न्या. नवरा बोलेल म्हणून गप्प बसू नका. भात कोण कालवून देतं, हे त्याला कुठे आठवतं?