अर्धी भाजणी

"सगळंच सांगितलंस तर तुझ्याकडून घेणार कोण?" हा प्रश्न आपल्या बायकाच एकमेकींना विचारतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

माझी धाकटी जाऊ घरी भाजणी करून विकते. दीर गेल्यापासून मुलीची फी त्यातूनच निघते. मागच्या वर्षी ती पैसे भरून एका ऑनलाइन वर्गाला बसली. तिथं शिकवलं काय? व्हिडिओ करा, पण अर्धंच दाखवा. धान्यं दाखवा, प्रमाण दाखवू नका. "बाकीचं उद्या" म्हणा. लोक अडकले की ऑर्डर मागा. ती माझ्याकडं आली. "अक्का, हे असंच असतं का हो?"

असतं असंच. पण म्हणून बरोबर होतं का? माझं म्हणणं सरळ आहे. शिकवायचं तर पुरतं शिकवा, नाहीतर उघड दुकान मांडा आणि भाव सांगा. दुकान मांडण्यात लाज नाही, शिकवण्याचं सोंग घेऊन गळ टाकण्यात आहे. दशलक्षण पर्वात सकाळी मंदिरात उत्तम आर्जवाचं प्रवचन ऐकायचं आणि दुपारी मोबाइलवर हा मायाचार करायचा! तत्त्वार्थसूत्रात अचौर्याचे अतिचार सांगितलेत. खोटी वजनं-मापं त्यात आहेत, नकली माल खरा म्हणून देणंही आहे. मुद्दाम अर्धवट सांगितलेली कृती मी तरी खोट्या मापातच धरते. तुमचा व्हिडिओ बघून एखादीची चार वाट्या डाळ वाया जाते, तिचं काय?

"अक्कांना व्यवहार कळत नाही," असं म्हणणाऱ्यांना आमच्या बेळगावचाच व्यवहार सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथं सायकलचं दुकान काढलं. दोघे भाऊ सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. शिकवण्याचे १५ रुपये वेगळे, तेही उघड सांगून. पुढं लोखंडी नांगर केला, तर शेतकऱ्यांना भीती, लोखंडानं जमीन विषारी होईल. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. कारखान्याचं ते पत्र वाढत वाढत घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं, आणि १९३० साली खास बायकांसाठी 'स्त्री' आलं. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते. ते काही तिनं पंप-नांगर घ्यायचे म्हणून जपले नव्हते. त्यातून तिला काही मिळत होतं, म्हणून त्या नावावर तिचा विश्वास होता.

जावेनं शेवटी वर्गाचं ऐकलं नाही. तिनं सगळं प्रमाण सांगितलं, कुठलं धान्य किती भाजायचं ते दाखवलं. आणि एक गोष्ट आपणहून सांगितली. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. भाजणी म्हणजे पीठच. तेव्हा "मर्यादा पाळणाऱ्यांनी पावसाळ्यात माझ्याकडून मागवू नका, पार्सल पोचेपर्यंतच दिवस भरतात. घरीच करा, अशी करा."

त्या चातुर्मासात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. खोटं कशाला सांगू? मुलीच्या फीला मला हात द्यावा लागला. तेव्हा घरातल्यांनी मलाच बोल लावले. पण थंडीत बायका परत आल्या. सगळ्या नाही, पण ज्यांना नोकरीमुळं वेळ नाही, ज्यांचे गुडघे चालत नाहीत, त्या आल्या. पाकिटावरची दळल्याची तारीख बघतात, बाकी काही विचारत नाहीत. जी बाई "घेऊ नका" म्हणू शकते, तिच्या "घ्या"वर विश्वास बसतो.

याला कुणी ज्ञानदान म्हणू नका हं. दान दिलं की परत काही घ्यायचं नसतं. हा धंदाच आहे आणि तिला त्यावर घर चालवायचंय. माझं मागणं एवढंच, की धंद्यात शिकवायला बसलात तर ताटात अर्धं वाढू नका.

आणि पुन्हा कुणी विचारलं, सगळं सांगितल्यावर घेणार कोण, तर सांगा: जिला करता येतं ती घरी करील, जिला जमत नाही ती आपल्याकडून घेईल. पहिलीचं नुकसान करून दुसरी मिळवायची नाही.