डहाणूची वाडी आणि दलालाचा दाखला

डहाणूस चिकूची वाडी घ्यावी, असा बेत हल्ली पुष्कळ घरांत शिजत असतो. दलालाने महारेराचा दाखला पुढे केला, की वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो! २०२३ पासून नव्या दलालांस शिक्षण व परीक्षा यांवाचून हा दाखला मिळत नाही, हे उत्तमच. परंतु तो नोंदलेल्या गृहप्रकल्पांपुरता. शेतजमिनीच्या सातबाऱ्याविषयी तो मुका आहे. डहाणू-तलासरीत पुष्कळ जमीन आदिवासींची. १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम ३६अ अन्वये ती बिगर-आदिवासीस विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, व तीही सरकारच्या मान्यतेनेच. वेठ न करण्याची शपथ वारल्यांनी १९४५ साली तलासरीतील झरीसच घेतली होती. आमच्या एका स्नेह्यांनी आधी इसार दिला, मग सातबारा पाहिला. इसार अद्याप परत आलेला नाही.